साबणाची पत्रं

११ मार्च, मंगळवार

आज मी चाळीस माणसांशी खोटं बोलले आणि त्यांनी टेबलं बडवून माझं कौतुक केलं. हे कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून ही वही. शाळेत कुणीतरी विसरून गेलेली आहे. पहिल्या दोन पानांवर भागाकार आहेत, तेही चुकलेले.

झालं असं. दाल्विनाच्या बारमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी वाचनाची बैठक असते. दाल्विना माझी शेजारीण. बार तिचा, बैठकही तिचीच. वस्तीतला कुणीही उठतो, आपलं नाव आणि गल्ली सांगतो आणि स्वतः लिहिलेलं वाचतो. कुणी दारू सोडल्याचं, कुणी नवऱ्याने सोडल्याचं. जितकं वाईट घडलेलं, तितकी टेबलं जोरात वाजतात. दोन वर्षं मी कोपऱ्यात बसून ऐकते आहे. मी काय वाचणार? मी शाळेत दोनशे ऐंशी मुलांचा भात आणि राजमा शिजवते. त्यावर कोण टेबल बडवेल?

तिथला एक नियम आहे. तुरुंगातून आलेलं पत्र वाचलं जात असेल तर सगळ्यांनी उभं राहायचं. आमच्याकडे घरटी कुणीतरी आत आहेच. आज दाल्विनाने सगळ्यांसमोर मला उठवलं, म्हणाली, जोसिवानचं पत्र आलंय ना, वाच की. जोसिवान माझा धाकटा भाऊ. पत्र पिशवीतच होतं. मी उठले, खुर्च्या सरकल्या, सगळा बार उभा राहिला. कोपऱ्यावरचे टायरवाले जेनिव्हालकाका, ज्यांची कंबर केव्हाच गेली आहे, तेसुद्धा काउंटरला धरून उठले.

आणि पत्रात काय? ताई, पांढऱ्या साबणाच्या दोन वड्या आण, रंगीत आत घेत नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? पाऊस असेल तर येऊ नकोस.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन साबणांसाठी मी चाळीस माणसांना उभं केलं होतं. म्हणून शेवटी एक वाक्य मनचंच जोडलं: "इथे भिंतीतून पाणी झिरपतं आणि मी त्या पाण्याशी बोलतो, कारण ते तरी बाहेरून आलेलं असतं."  मग टेबलं.

वाक्य कुठून आलं कोण जाणे. चांगलं होतं पण.

१६ मार्च, रविवार

भेटीचा दिवस. लिहिण्यासारखं काही नाही, नेहमीचंच.

वस्तीतून बायकांची बस निघते, ती सहा तासांनी तुरुंगाच्या दारात सोडते. पहाटेपासून रांग. प्रत्येकीच्या हातात तिचा जंबो, म्हणजे आतल्या माणसासाठीची पिशवी. सगळं पारदर्शक डब्यात लागतं. बिस्किटं पुड्यातून काढून, नूडल्स वेष्टनाबाहेर, केक कापून. माझ्या केकमध्ये पहारेकरणीने चार ठिकाणी सुरी खुपसली. मी म्हटलं, बाई, शिजलाय तो, मी घरी सुरी घालून बघितला होता. ती हसली नाही. माझ्या मागची मुलगी पहिल्यांदाच आली होती, तिची विजार गडद रंगाची म्हणून परत पाठवत होते. मी तिला माझ्याकडची जादाची पिवळी दिली. मी नेहमी दोन नेते. ती तिच्यात दोनदा मावली असती. नाडी आवळून, कमरेला हाताने धरून ती आत गेली, आणि बाहेर आल्यावर घडी घालून परत केली.

जोसिवान बरा आहे. आत चेंडू शिवायचं काम करतो, बोटांना घट्टे पडलेत. मी विचारलं, भिंतीतून पाणी येतं का रे? म्हणाला, नाही, भिंत कोरडी आहे, त्रास डासांचा आहे. डासांचं काय वाचणार!

१ एप्रिल, मंगळवार

आजचं तिसरं पत्र, कोठडीतल्या उंदराचं. हे तर सगळंच माझं, त्याचं फक्त "प्रिय ताई".

आज शहरातून एक माणूस आला होता, ओताव्हियो नावाचा. तो छोटी पुस्तकं छापतो. वाचन झाल्यावर त्याने माझे दोन्ही हात हातात धरले, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, मारिल्दाबाई, हे खरं लेखन आहे, शहरात बसून हे कुणाला जमणार नाही. पुस्तक काढू या म्हणाला. मग जरा घुटमळून विचारलं, भाऊ गुन्ह्याबद्दल काही लिहितो का?

लिहितो, मी म्हटलं.

आता गुन्हा काय, तर चोरीच्या औषधांचा टेम्पो. मावसभावाने चालवायला दिला आणि हा चालवायला गेला. आत काय आहे ते त्याने विचारलं नाही, आणि ते त्याला माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. सापडला कसा, तर लाल दिव्याला थांबला. पहाटे तीनला आमच्या भागात लाल दिव्याला कुणी थांबत नाही. पोलिसांना संशय आला तो त्याचाच. याचं पुस्तक छापलं तर लोक हसतील.

पण मी खोटारडी आहे का? मंगळवारी माझं वाक्य ऐकताना लोकांचे चेहरे बदलतात. सत्तेचाळीस वर्षांत माझं बोलणं असं कुणी ऐकलेलं नाही, वाढपाच्या रांगेतली मुलं सोडली तर. आणि तीसुद्धा फक्त पळी बघतात.

२२ एप्रिल, मंगळवार

दरोड्याचं पत्र वाचलं. आजवरचं सगळ्यात चांगलं.

थोडं साहित्य उसनं घेतलं हे कबूल करते. सहा वर्षांपूर्वी जेनिव्हालकाकांच्या दुकानात शिरून एकाने त्यांच्या कपाळाला पिस्तूल लावलं होतं. ती गोष्ट त्यांनी दाल्विनाच्या काउंटरवर इतक्यांदा सांगितली आहे की ती आता वस्तीचीच झाली. हिरवी टोपी, थंडीत मनगटावर आलेला घाम, हातातला कॉफीचा कप. मी फक्त बाजू बदलली, पिस्तूल धरणाऱ्याच्या तोंडून सांगितलं. नावगाव काही नाही. "माझा हात थरथरत होता आणि म्हाताऱ्याच्या हातातला कप हलतसुद्धा नव्हता." शेवट माझा स्वतःचा: "मी पळालो तेव्हा मागे रेडिओ चालूच होता, आणि तो अजून माझ्या डोक्यात चालू आहे."

दोन बायका रडल्या. ओताव्हियो म्हणाला, पुस्तकाचं नाव हेच, चालू रेडिओ. मुखपृष्ठावर गज हवेत म्हणाला. जेनिव्हालकाका मात्र पत्र संपायच्या आधीच खाली बसले आणि मग निघून गेले. कंबर जास्तच धरली असावी. गरम पाण्याची पिशवी नेऊन द्यायला हवी.

६ मे, मंगळवार

सुटतोय! शर्तीवर सोडताहेत, सोळा तारखेला. वकीलबाईंचा फोन शाळेत आला तेव्हा मी राजमा ढवळत होते. खालून थोडा लागला, मुलांनी कुरकुर न करता खाल्ला.

न्यायाधीशांनी साठ दिवस दिले आहेत. तेवढ्यात कामाचं पत्र दाखवायचं, नाहीतर परत आत जावं लागेल असं वकीलबाई म्हणाल्या. त्याची काळजी नाही. जेनिव्हालकाकांनी वर्षापूर्वीच शब्द दिलाय, पोरगा सुटला की माझ्याकडे पाठव, मला आता चाक उचलवत नाही. दोन आठवडे ते बारमध्ये दिसले नाहीत. मोसम कामाचा असेल.

आता एकच अडचण. सुटल्यावर त्याला वाचायला सांगतील. त्याला वाचायला येतं, पण ओळीखाली बोट ठेवून.

१७ मे, शनिवार

जोसिवान घरी आहे. काल रात्री तीन ताटं जेवला. दारापाशी जाऊन उभा राहतो आणि कुणीतरी उघडेल म्हणून थांबतो. मग आठवतं, मग स्वतः उघडतो. मी पाठ करून भांडी घासत राहते, म्हणजे त्याला वाटायला नको की मी बघते आहे.

सकाळी पाव आणायला गेला तर गल्लीत तिघांनी हात मिळवला. एकजण म्हणाला, पिस्तुलाचं पत्र लई भारी, कवी. परत येऊन मला विचारतो, ताई, हे मला कवी का म्हणतायत?

मी म्हटलं, आधी कॉफी पी.

२० मे, मंगळवार

हे लिहायलाच हवं, कितीही लाज वाटली तरी.

जोसिवानला घेऊन जेनिव्हालकाकांकडे गेले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, म्हणाले जागा नाही. त्याला बाहेर थांबायला सांगून मी आत गेले. काका एका उलट्या चाकावर बसले होते, हात मांड्यांवर दाबून धरलेले.

"सहा वर्षं मी त्या माणसाचं तोंड शोधतोय, मारिल्दा. बसमध्ये शोधतो, चर्चमध्ये मिसेला शोधतो. आणि तू त्याचं पत्र मला उभं राहून ऐकायला लावलंस."

मला क्षणभर कळलंच नाही. मग एकेक आठवत गेलं. टोपी, घाम, कप. सहा वर्षांपूर्वी जोसिवान बाहेरच होता. ते म्हणाले, तुझ्या आईची ओळख म्हणून अजून पोलिसांकडे गेलो नाही, पण झोप लागत नाही. मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि काय बोलले, तर गरम पाण्याची पिशवी आणून देऊ का म्हणून विचारलं. मग बाहेर येऊन जोसिवानला सांगितलं, काका आज जरा त्रासलेले आहेत.

आज बैठकीला गेले नाही. ओताव्हियोचा निरोप आला, मुखपृष्ठं छापून झाली.

२२ मे, गुरुवार

जोसिवानला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पत्रं मागितली, माझी, आणि टेबलाशी बसून वाचायला लागला, ओळीखाली बोट, मोठ्याने. दुपारभर चाललं. भिंतीच्या पाण्याशी आला तेव्हा म्हणाला, हे चांगलं आहे. उंदराच्या पत्राला हसलासुद्धा. दरोड्याचं पत्र त्याने दोनदा वाचलं.

मग कागद नीट जुळवून ठेवले.

"ताई, आत मी रोज हेच सांगायचो की मी तसा नाही. तिथे कुणी ऐकलं नाही, ते ठीक आहे. पण बाहेर एक माणूस तरी आहे जिला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो."

मला माहीतच आहे रे, मी म्हटलं. लोकांना आवडावं म्हणून लिहिलं. तू आवडावास म्हणून.

"साबण काय वाईट होता?" त्याने विचारलं.

मी रडले. तो उठला, दाराशी गेला आणि न थांबता उघडून बाहेर पडला. अंधार पडायच्या आत परत आला, दूध घेऊन.

२४ मे, शनिवार

बुटांच्या खोक्यात जोसिवानची खरी पत्रं आहेत, त्रेपन्न. सकाळी ते खोकं घेऊन जेनिव्हालकाकांकडे गेले आणि उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं. गोष्ट तुमचीच आहे, तुम्हीच सांगितलेली, मी चोरली. दरोडा घातलाच असेल तर तो मी घातला.

त्यांचा विश्वास बसला नाही. बहीण भावाला वाचवायला काहीही बोलेल, म्हणाले. मग विचारलं, तुझ्या पत्रात शेवटी रेडिओचं काय आहे?

चालू राहिला, मी म्हटलं.

"जाताना त्याने रेडिओ बंद केला," काका म्हणाले. "पिस्तूल खिशात टाकलं, हात लांब करून बटण फिरवलं आणि गेला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. का सांगितलं नाही, ते मलाही ठाऊक नाही. तिथे जो होता तो हे विसरायचा नाही." कपाळावर हात मारून घेतला त्यांनी. पत्र ऐकताना आपलं डोकंच बंद झालं होतं म्हणाले.

मग खोकं मागितलं. टबात ट्यूब बुडवून ठेवलेली, बुडबुडे येऊन थांबले, तरी ते वाचत होते. मी स्टुलावर बसून राहिले. दोन गिऱ्हाइकं परत गेली.

"या माणसाला साबणाशिवाय काही सुचत नाही."

"नाही," मी म्हटलं.

"आणि पाऊस असेल तर येऊ नकोस, हे प्रत्येक पत्रात."

"प्रत्येक."

"आणि तू गेलीसच."

मी म्हटलं, बस बुक केलेली असायची.

काकांनी चष्मा काढून पुसला. हा पोरगा मला चालेल म्हणाले, तुझं मात्र सांगता येत नाही. पण नुसतं त्यांना कळून भागणार नव्हतं. त्यांची सगळी गिऱ्हाइकं त्याच बारमध्ये बसतात, आणि ज्याच्या हातात पिस्तूल होतं असं त्यांना वाटतं, त्याच्या हातात आपली गाडी ती देणार नाहीत. जिथे उभं करून खोटं ऐकवलंस तिथेच खरं सांग, मग त्याला कामाचं पत्र देतो, म्हणाले.

दुपारी ओताव्हियोला फोन केला. सगळं सांगितलं. तो फार सभ्यपणे म्हणाला, लेखन तर तेच आहे, कुणी लिहिलं ते न सांगता काढलं तर? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंनी लिहिलेलं म्हणून हे जायचं नाही, समजून घ्या. घेतलं समजून. दोन महिने मी लेखिका होते, कुणाला न कळता.

२७ मे, मंगळवार

 जसं झालं तसं लिहिते.

मी उठले, नाव सांगितलं, गल्ली सांगितली. पत्र असणार म्हणून सगळे उभे राहिले. मी म्हटलं, बसा. कुणी बसेना. मी म्हटलं, बसा हो, पत्र नाही आणि कधी नव्हतंच. मग सांगितलं. पाणी मी झिरपवलं, उंदीर मी सोडला, दरोडा जेनिव्हालकाकांचा आहे आणि माझ्या भावाने आयुष्यात एकच गोष्ट धाडसाने केली, ती म्हणजे लाल दिव्याला थांबला.

कुणीतरी शिटी मारली. दोघंतिघं उठून गेले, त्यांतल्या एकीचा नवरा आत आहे आणि उंदराच्या पत्राच्या वेळी ती रडली होती. तिच्याकडे बघवलं नाही. दाल्विना काउंटरमागून म्हणाली, अडीच महिने माझ्या वाताच्या पायांवर उभं केलंस गं, आणि तेही उंदरासाठी.

मी बसायला लागले तर तिने थांबवलं. "उठलीच आहेस तर वाच काहीतरी. खरं असेल ते."

माझ्याजवळ खरं काय असणार? पिशवीत ही वही होती, घरी ठेवली तर जोसिवान वाचेल म्हणून बरोबर नेलेली. उघडली तर भागाकार. मग मार्चमधल्या भेटीचं पान निघालं, तेच वाचलं. रांग, डबे, केकमधली सुरी, पिवळी विजार. दहा ओळींचं आहे, तेवढंच. केकला एक बाई हसली. विजारीपाशी सगळं शांत झालं. मला वाटलं कंटाळले. मी घाईघाईने डासांपर्यंत पोचले आणि वही मिटली.

टेबल कुणीच वाजवलं नाही. मागच्या भिंतीपाशी जोसिवान उभा राहिला. मी त्याला खूण केली, बस, हे तुरुंगातलं पत्र नाही. त्याने मान हलवली आणि बसला नाही. मग जेनिव्हालकाका काउंटरला धरून उठायला लागले. मी म्हटलं, काका, कंबर. ते म्हणाले, गप्प बस. पुढच्या टेबलावरच्या दोन बायका उठल्या, ज्यांना मी रांगेत नेहमी बघते आणि ज्या माझ्याशी कधी बोललेल्या नाहीत. मग खुर्च्यांचा आवाज येत राहिला. दाल्विनासुद्धा उठली, पाय दुखत असताना. त्या दहा ओळींत त्यांना काय दिसलं ते मला अजून कळलेलं नाही. उद्या कामावर कुणाला विचारावं तरी कसं?

निघताना त्या दोघींपैकी एकीने माझा दंड धरला आणि पुढच्या मंगळवारी परतीच्या बसचं वाच म्हणाली. त्यात काय आहे वाचण्यासारखं? सगळ्या झोपलेल्या असतात, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. बघू.

३ जून, मंगळवार

कामाचं पत्र काल न्यायालयात दिलं. शिक्का बसला.

जोसिवान आज कामावर गेला, इस्त्रीचा शर्ट घालून. काकांनी त्याला तो काढायला लावला आणि आपला जुना कोट दिला. शाळेत आजपासून जूनच्या जत्रेची मक्याची खीर सुरू झाली, मीही दमून आले. बैठकीला जायचंय, बसचं दीड पान झालंय.

संध्याकाळी तो कोपरापर्यंत काळा होऊन आला. न्हाणीघरातून हाक मारली, "ताई, साबण कुठे आहे?"

मी नवी वडी उघडून दिली. गुलाबी.